ट्रक-पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनचं काम घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळ वाडीला आमच्या घरामागे २५ बाय ४० फुटांचं अंगण आहे. संत्र्याच्या दिवसांत काटोलकडचा माल कळमन्याच्या बाजारात टाकणाऱ्या आमच्या दोन गाड्या, एक छोटा हत्ती आणि एक टाटा ४०७, तिथेच उभ्या राहतात. त्यांच्या पाट्यांचं (म्हणजे लीफ स्प्रिंगचं), बुशांचं (सांध्यातल्या नळ्यांचं), शॉकअपचं काम मी बरीच वर्षं स्वतःच करत आलो आहे. बाजारातले, गल्लीतले लोक येऊन तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माझं मत आधीच सांगतो. झिजलेलं सामान काढून गाडी कंपनीने दिली होती तशी परत आणणं, हे काम घरी करावं आणि मन लावून करावं. पुढची उंची किंवा पाट्यांची ताकद बदलायची असेल, तर एका बदलामागे आणखी चार गोष्टी हलतात. त्या चार कोणत्या, हे कळल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

मागचे पाटे मी दहा वेळा खोलले आहेत. पुढच्यात असं वेगळं काय आहे?

मागचा ॲक्सल वजन वाहतो. पुढचा वजनही वाहतो, गाडीला दिशाही देतो आणि ब्रेक मारल्यावर जास्तीचा भार त्याच्यावरच येतो. ब्रेक लागला की गाडी नाकावर झुकते, मागची चाकं हलकी होतात आणि थांबवण्याचं मोठं काम पुढच्या चाकांकडे जातं. मागे चूक झाली तर बहुतेक वेळा गाडी तिरकी बसते, आवाज करते, टायर खाते. पुढे चूक झाली तर स्टीअरिंग तुमच्या हातात असतं आणि गाडी दुसरीकडे चाललेली असते.

माझ्या गाडीत पुढे नेमकं काय बसवलेलं आहे, हे कसं ओळखायचं?

खाली वाकून बघा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत आडवा जाड लोखंडी ॲक्सल असेल आणि तो दोन बाजूंना पाट्यांवर बसलेला असेल, तर ती पाट्यांची गाडी. छोटा हत्ती, ४०७ आणि आपल्याकडचे बहुतेक मोठे ट्रक असेच असतात. छोट्या हत्तीला पुढे पॅराबोलिक पाटे येतात, म्हणजे मधे जाड, टोकाकडे पातळ होत गेलेले आणि संख्येने कमी. इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपला पुढे आडवा ॲक्सल नसतो. प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या आर्मवर वेगळं हलतं आणि मधे कॉइल स्प्रिंग असते. काही जुन्या पिकअपमध्ये स्प्रिंगच दिसत नाही, चेसीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) बाजूने मागे गेलेला लांब गोल दांडा दिसतो. तो टॉर्शन बार. तिन्ही प्रकारांचं काम वेगळं आणि धोकेही वेगळे. त्यामुळे शेजाऱ्याने त्याच्या गाडीत केलं म्हणून आपल्या गाडीत तसंच करायला जाऊ नका.

गाडीचं तोंड खाली बसून राहिलं. पुढे एक पाटा वाढवला तर चालते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मोजा. गाडी रिकामी करा, सपाट जागेवर लावा, चारही टायरची हवा सारखी करा. मग हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या आणि वहीत लिहा. एकच बाजू खाली असेल तर पाटा वाढवण्याचा प्रश्नच येत नाही, त्या बाजूला काहीतरी तुटलेलं किंवा झिजलेलं आहे. पाट्यांमधली माती तारेच्या ब्रशने काढून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक पाटा बघा. बारीक तडा बहुतेक मधल्या बोल्टच्या भोकाजवळ किंवा यू-बोल्टच्या (पाटे ॲक्सलला बांधणाऱ्या बोल्टच्या) कडेला सापडतो आणि गंजाच्या लाल रेघेवरून ओळखू येतो. शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसीला टांगणाऱ्या झुलत्या दुव्याच्या) पिना आणि बुश झिजले तरी तोंड खाली येतं आणि खडखड आवाज येतो. आमच्याकडे आलेल्या ‘पाटे बसले’ म्हणणाऱ्या कितीतरी गाड्यांचं दुखणं बुश आणि एका तुटक्या पाट्यापुरतंच होतं.

आता पाटा वाढवण्याबद्दल. सारख्या जाडीचे पाच पाटे असताना सहावा घातला तर कडकपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. जाडीचा हिशोब मात्र वेगळा आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा बसवला तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. ‘जरासा जाड टाकून द्या’ म्हणताना हे लक्षात असू द्या. कडक पाट्यांचा धक्का मग हँगरच्या (चेसीवर पाट्याचं टोक धरणाऱ्या ब्रॅकेटच्या) रिबिटांना आणि चेसीला बसतो आणि तडा तिथे जातो. पॅराबोलिक पाट्यांमध्ये साधा पाटा घुसवणं तर अजिबात नाही. ते पाटे एकमेकांना न घासता काम करावेत असेच घडवलेले असतात.

शिवाय पाटा वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. आरसी बुकावर लिहिलेलं एकूण वजन तेवढंच राहतं, कारण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर जुनेच आहेत. पाटे बसण्याचं कारण जादा माल असेल, तर औषध मालाच्या बाजूने करायचं.

पाटे भट्टीत तापवून, घन मारून कमान चढवून देतात. स्वस्त पडतं. करू का?

मी केलं आहे, आणि पुन्हा करणार नाही. ४०७ चे पुढचे पाटे मी एकदा रस्त्याकडेच्या भट्टीवर तापवून घेतले. दिसायला छान कमान आली. तीन महिन्यांत गाडी परत खाली बसली आणि खोलून पाहिलं तर मुख्य पाट्याला मधे तडा होता. गाडीत तेव्हा माल होता आणि माझा पुतण्या चालवत होता.

पाट्याचं पोलाद साधं लोखंड नसतं. कारखान्यात ते सुमारे ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग ४००–५०० अंशांवर पुन्हा तापवून त्यात लवचिकपणा आणतात. उघड्या भट्टीत लाल करून, घन मारून, तसंच जमिनीवर गार होऊ दिलं की ही सगळी मेहनत पुसली जाते. लाल झालेला भाग मऊ पडतो आणि घनाचा वण जिथे राहतो तिथून पुढे तडा सुरू होतो. कमान चढवायचीच असेल तर पाणी देण्याची (विझवण्याची) आणि टेम्परिंगची (पुन्हा तापवण्याची) सोय असलेल्या पाट्यांच्या कारखान्यातून घ्या. नाहीतर नवा संच बसवा. मागच्या हेल्पर पाट्यावर कुणी प्रयोग केला तर मी फार भांडणार नाही, पण पुढच्या मुख्य पाट्यावर प्रयोग करू देणार नाही.

तुटलेला पाटा वेल्ड करून चालेल का?

नाही. वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि तिथेच तुटते. पाट्याच्या जवळ दुसरं काही वेल्डिंग करायचं असेल तरी पाटे ओल्या गोणपाटाने झाका आणि अर्थिंगचा चिमटा पाट्याला लावू नका. ठिणगीचा एक ठिपकासुद्धा तड्याची सुरुवात ठरू शकतो.

पुढच्या ॲक्सलवर लोखंडी गुटका (ठोकळा) ठेवून दोन इंच उंची घेतली तर?

मागच्या ॲक्सलला काही गाड्यांत कंपनीच गुटका देते, म्हणून लोकांना वाटतं की पुढेही चालेल. ब्रेक लागला की चाक ॲक्सलला पिळतं आणि ॲक्सल पाट्यांना पिळतो. मधे गुटका आला की त्या पिळाला लांब दांडी मिळते. पाटे इंग्रजी एस आकारासारखे मुरडतात, यू-बोल्ट सैल होतात आणि गुटका सरकण्याची शक्यता तयार होते. मागच्या ॲक्सलचा गुटका सरकला तर गाडी तिरकी चालते. पुढच्या ॲक्सलचा सरकला तर स्टीअरिंगचा ॲक्सलच जागा सोडतो. दोन गुटक्यांचा थर म्हणजे तर संकटाला आमंत्रण. लाकडी गुटका बसवलेली एक गाडी मी हिंगणा रोडवर पाहिली आहे. चालकाला थांबवून सांगितलं, त्याने ऐकलंही.

मग उंची वाढवल्याने स्टीअरिंगवर काय परिणाम होतो?

पाट्यांच्या गाडीत स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे ड्रॅग लिंक नावाचा दांडा जातो. कंपनीने त्या लिंकचा कोन असा ठेवलेला असतो की चाक खड्ड्यात वर-खाली झालं तरी लिंक चाकाला फारशी ओढत नाही. उंची वाढली की लिंक तिरकी होते. मग प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक स्पीडब्रेकरवर चाक आपोआप थोडं वळतं आणि हातातलं स्टीअरिंग झटका देतं.

दुसरी गोष्ट कॅस्टरची. किंगपिन, म्हणजे जिच्याभोवती पुढचं चाक वळतं ती पिन, वरच्या टोकाकडे किंचित मागे झुकलेली असते, त्यामुळे वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येतं. पाट्याचं एकच टोक वर-खाली केलं किंवा शॅकल लांब घातलं की हा झुकाव बदलतो. तो कमी झाला की गाडी सरळ रस्त्यावरही भटकते. ॲक्सल आणि पाट्याच्या मधे पाचर घालून कॅस्टर दुरुस्त करता येतो, पण तो मशीनवर मोजून. अंदाजाने पाचर ठोकू नये.

याशिवाय ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो, एबीएसची वायर ताणली जाते आणि हेडलाइटचा झोत वर चढून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. झोताचा अंदाज हवा असेल तर काम सुरू करण्याआधी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावून झोताची वरची कड खडूने आखून ठेवा आणि काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा बघा.

अंगणात गाडी कशी उचलायची? जॅक कुठे लावायचा?

इथे मी सगळ्यात जास्त जीव ओततो, कारण पाटा चुकीचा बसला तर तो पुन्हा खोलता येतो, गाडी अंगावर आली तर दुसरी संधी नाही.

जॅक उचलण्यासाठी असतो. उचललेलं धरून ठेवायचं काम घोडीचं, म्हणजे खाली लावायच्या लोखंडी स्टँडचं. जॅकच्या आत एक रबरी सील असतं, ते कधी गळेल हे कुणी सांगू शकत नाही. घोडी लागल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालू नका, नुसता पडलेला नट उचलायलाही नाही. घोडीच्या जागी विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, दगड अजिबात नको. विटेला आधी तडा दिसत नाही, ती एकदम फुटते.

आता आपल्या नागपूरची जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर घोडीचा एक पाय कधी खाली जाईल याचा नेम नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की डांबर मऊ होतं आणि घोडीचे पाय त्यात रुततात. फरशी तर दिसते तेवढी घट्ट नसते. एका जूनमध्ये मी अंगणातल्या शहाबादी फरशीवर घोडी लावली होती. खाली पोकळी होती, ते मला माहीत नव्हतं. मी पाना आणायला उठलो आणि मागे कडकन आवाज झाला. फरशी फुटून घोडी आत गेली आणि चेसी चार बोटं खाली येऊन काढून ठेवलेल्या चाकावर टेकली. ते चाक मी वडिलांच्या सवयीने चेसीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी जाड सागाच्या फळ्या आणि त्यावर लोखंडी प्लेट ठेवल्याशिवाय घोडी लावत नाही. आणि काढलेलं चाक चेसीखाली जातंच.

क्रम असा ठेवा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. ॲक्सलखाली जॅक लावून उचला आणि पाट्याच्या मागच्या हँगरच्या मागे चेसीखाली दोन घोड्या लावा. दोन्ही घोड्यांची उंची सारखी हवी. मग जॅक सावकाश खाली सोडून गाडी घोड्यांवर बसू द्या आणि बाहेर उभं राहून गाडीला जोरात धक्का द्या. हलायची असेल तर ती तेव्हाच हलू दे. घोडीवर आणि जॅकवर लिहिलेली क्षमता वाचा. छोट्या कारच्या घोड्या ४०७ खाली लावताना मी लोकांना पाहिलं आहे.

उन्हाळ्यात मी हे काम पहाटे पाच ते नऊच्या दरम्यान उरकतो. भर उन्हात तापलेला पाना हातातून सुटतो आणि घामाने डोळे झाकतात.

एकट्याने करता येईल का?

खोलाखोल एकट्याने होते, पण हाकेच्या अंतरावर जाणता माणूस हवाच. घरातल्या लेकरांना अंगणाबाहेर ठेवा.

पुढचा पाट्यांचा संच उतरवताना कशाची काळजी घ्यायची?

एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम खोलल्या की ॲक्सल जागा सोडतो आणि परत ओळीत आणताना दिवस जातो. चेसी घोड्यांवर आणि ॲक्सल जॅकवर टेकलेला असला पाहिजे. जॅक इतकाच खाली घ्या की पाट्यांवरचा भार उतरेल, पण ॲक्सल लोंबकळणार नाही, नाहीतर वजन ब्रेकच्या होजवर येतं. खोलायच्या आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. पाट्याचं पुढचं टोक कुठलं, हे पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवा, कारण कित्येक गाड्यांत मधला बोल्ट पाट्याच्या बरोबर मध्यावर नसतो.

बसवताना मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात पूर्ण बसलं आहे ना, हे बोट फिरवून बघा. ते कडेवर चढलेलं असताना यू-बोल्ट आवळले तर सगळं घट्ट वाटतं, पण दोनशे किलोमीटरमध्ये ॲक्सल सरकतो. मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती दुसऱ्या पाट्याचं टोक वळवलेलं असतं. मुख्य पाटा तुटला तर ॲक्सल धरून ठेवायचं काम त्याचंच. तो वळसा नसलेला स्वस्त संच बाजारात कुणी देऊ केला तर घेऊ नका.

जुनेच यू-बोल्ट परत वापरले तर काय होते?

यू-बोल्ट आवळताना थोडा ताणला जातो आणि त्या ताणावरच पाटे आणि ॲक्सल एकमेकांना घट्ट धरून राहतात. जुना बोल्ट एकदा ताणला गेला आहे, त्याचे आटे गंजलेले आहेत, पान्यावर तेवढाच जोर येऊनही तो तेवढा आवळत नाही. यू-बोल्ट सैल झाला की सगळा धक्का मधल्या बारीक बोल्टवर येतो, तो तुटतो आणि ॲक्सल मागे सरकतो. नव्या यू-बोल्टची किंमत त्यापुढे काहीच नाही.

चारही नट थोडे थोडे, तिरक्या क्रमाने आवळा आणि दोन्ही बाजूंना उरलेले आटे सारखे दिसतात का बघा. शेवटचा जोर टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. टॉर्क रेंच भाड्यानेही मिळतो. अंदाज येण्यासाठी एवढं सांगतो, की अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर २० किलोचा जोर म्हणजे साधारण ९८ न्यूटन मीटर. पहिल्या ५०–१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासा आणि हजारच्या आसपास आणखी एकदा. नवे पाटे बसतात, रंगाचा थर दबतो आणि नट सैल पडतात. ही पायरी लोक विसरतात, म्हणून मी डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवतो.

नवे रबरी बुश सहा महिन्यांत का फाटतात?

बहुतेक वेळा कारण एकच. गाडी घोड्यांवर असताना, ॲक्सल खाली लोंबत असतानाच बोल्ट शेवटपर्यंत आवळलेला असतो. रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट हातघट्ट ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा पुढे-मागे करा आणि मग शेवटचा टॉर्क द्या. रबरी बुशला ग्रीस किंवा डिझेल लावू नका. साबणाचं पाणी पुरतं.

कॉइल स्प्रिंग घरी बदलता येईल का?

मी सांगेन की नको. ४०० किलोच्या जोराने १० सेंटीमीटर दबलेल्या स्प्रिंगमध्ये जी ताकद साठलेली असते ती २० किलोचं वजन एक मीटर उंचावरून पडावं एवढी असते, आणि ती एका क्षणात सुटते. स्प्रिंग दाबून धरायला बाजारात मिळणारे साधे दोन हुकांचे कम्प्रेसर घसरतात. पूर्ण जुळवलेला नवा संच, म्हणजे शॉकअप, स्प्रिंग आणि वरचा माउंट एकत्र, मिळत असेल तर स्प्रिंग न दाबता तो बदलता येतो. नाहीतर शॉकअप-स्प्रिंग एकत्र जोडलेलेच काढून घ्या आणि नीट प्रेस असलेल्या गॅरेजकडे न्या. स्प्रिंगच्या वर ठेवायच्या स्पेसरबद्दलही असंच. उंची वाढते, पण चाकाला खाली जायची जागा तेवढीच कमी होते आणि बॉल जॉइंट सतत टोकाच्या कोनात राहतो.

टॉर्शन बारचा बोल्ट फिरवला की गाडी उचलली जाते. मग त्यात अडचण काय?

बोल्ट फिरवल्याने दांडा कडक होत नाही, फक्त गाडी उभी राहण्याची जागा बदलते. थकलेली गाडी कंपनीने सांगितलेल्या उंचीवर परत आणायला हाच बोल्ट दिलेला आहे, आणि तेवढंच करा. आधी आटे मोजा, खूण करा, चाकावरचा भार काढून मग फिरवा, दोन्ही बाजूंना सारखे फेरे द्या. त्यानंतर अलाइनमेंट करावंच लागतं. दांडा पूर्ण बाहेर काढायचा असेल तर पुलर लागतो. तो घरचा उद्योग नाही.

नवे शॉकअप टाकले तर तोंड वर येईल का?

नाही. वजन पाटे उचलतात, शॉकअप फक्त उड्या थांबवतो. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसत असेल किंवा खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत असेल तर जोडीने बदला. हे घरी करायला अगदी योग्य काम आहे.

साठ-सत्तरला गेलं की स्टीअरिंग थरथर कापते. काहून?

गावात हे कळत नाही. शिवमडक्यावरून समृद्धीला लागलं आणि एकाच वेगाने पंधरा-वीस मिनिटं गेलं की दुखणं बाहेर येतं. आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा. मग पुढचा ॲक्सल उचलून, घोडी लावून, चाक वर-खाली धरून हलवा. वाजत असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे, तसाच राहिला तर किंगपिन झिजली आहे. आता डावीकडून-उजवीकडून धरून हलवा. इथे खेळ असेल तर टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) जॉइंट तपासा. टाय रॉडच्या नटाला काटा (नट फिरू नये म्हणून घालायची पिन) लावताना भोक जुळत नसेल तर नट मागे घेऊ नका, पुढेच आवळून पुढच्या खाचेत बसवा. काटा दर वेळी नवा.

शिमी, म्हणजे हीच थरथर, आली म्हणून स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचा शॉकअप) लावून देणारे भेटतात. त्याने थरथर लपते आणि किंगपिन मात्र झिजतच राहते.

घरी अलाइनमेंट होते का?

टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, मोजता येतो. दोन्ही टायरच्या मधोमध खडूची रेघ ओढा, हबच्या उंचीवर पुढून माप घ्या, मग गाडी ढकलून चाक अर्धा फेरा फिरवा आणि त्याच रेघेवर मागून मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे टो. तो साधारण काही मिलिमीटरचाच असतो, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळेल. एवढं करून गाडी अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत नीट नेता येते. कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) अशा मापाने कळत नाहीत.

आरटीओ अडवते का? विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा मालाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये वाढतो. कंपनीच्या मापाचे पाटे, बुश, शॉकअप बदलणं ही दुरुस्ती आहे, तिला कुणी अडवत नाही. मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं. गाडी नागपूरच्या एमएच ३१ ची असो, ४० ची असो की ४९ ची, वाढवलेला पाटा तिथे नजरेत येतोच. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअरही तोच पाटा बघतो आणि न कळवलेल्या बदलावरून दावा अडतो. बिलं जपून ठेवा.

काम झालं. लगेच माल भरू का?

थांबा. गाडी उभी असतानाच स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि दुसऱ्या माणसाला बाजूने बघू द्या. टायर कुठे घासतो का, होज ताणला जातो का. चाकाचे नट टॉर्कने आवळा. ब्रेक पेडल दोन-चारदा दाबून कडक लागतं का बघा. मग रिकाम्या रस्त्यावर २० च्या वेगाने एकदा ब्रेक, ४० ने एकदा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर परत अंगणात. सुरुवातीला लिहून ठेवलेलं उंचीचं माप पुन्हा घ्या. दोन बाजूंत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर मी पुन्हा खोलून बघतो. माल दुसऱ्या दिवशी, तोही अर्धाच.

पुढे किती दिवसांनी बघायचं?

मी दर पंधरा दिवसांनी यू-बोल्टच्या नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ जुळते का ते बघतो. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. किंगपिनला ग्रीस देताना ॲक्सल उचलून भार काढा, तरच ग्रीस खालच्या थ्रस्ट बेअरिंगपर्यंत पोचतं. जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत निपलमधून देत राहा. कोराडी-खापरखेड्याकडे राख वाहणाऱ्या आणि उमरेडकडे कोळसा वाहणाऱ्या गाड्यांना हे दुप्पट वेळा लागतं, ती बारीक पूड बुशात शिरली की पॉलिश पेपरसारखं काम करते. पावसाळा संपला की पाट्यांमधला चिखल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढा, दोन दिवस ऊन दाखवा आणि मग तडे बघा. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू व्हायच्या आधी आमच्या दोन्ही गाड्यांचं हे काम उरकलेलं असतं.